पैठणीचे कुंपण

नीलगाय ही आपली गाय नव्हे. शास्त्राप्रमाणे ती गाय-म्हशींच्या दूरच्या नात्यातली, दिसायला थोडी घोड्यासारखी. आमच्या बडोद्याकडे तिला रोझ म्हणतात. हे आधी सांगते, कारण तुमच्यातल्या थोरलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली तुमच्या पणजीची पैठणी गेल्या हिवाळ्यात रोझ अडवायला शेताच्या कुंपणाला बांधली गेली.

चूक माझी. रेशमी साडी मऊ झालेल्या सुती साडीत गुंडाळून ठेवायची, ही आपल्या घरची रीत. कोणासाठी ठेवली त्याची चिठ्ठी मी पैठणीला टाचली होती, म्हणजे आत. आणि कपाट आवरताना माझा नियम असा, की ज्याला चिठ्ठी नाही ते देऊन टाकायचे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनची पादरा तालुक्यात थोडी तूर असते. तिकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, त्या हलताना पाहून रोझ बिचकतात. तिने साड्या मागितल्या, मी गठ्ठा दिला.

महिन्याने लक्षात आले. तुमच्या आजोबांना घेऊन शेतावर गेले. पैठणी टोकाच्या कोपऱ्यात ताणून बांधली होती.

"लग्नातसुद्धा तिला एवढी हवा लागली नसेल," आजोबा म्हणाले.

"बा, मला वाटलं तुम्ही जाणूनच दिली," बेन मला म्हणाली; बा म्हणजे त्यांच्याकडे आई. "हिची जर चमकते ना, म्हणून रोझ लांबूनच वळतात. बाकीच्या साड्यांची त्यांना सवय झाली."

कुंपणापलीकडच्या कोतरात, म्हणजे घळीत, पूर्वी बाभळी-बोरींचे रान होते आणि रोझ दिवसभर तिथेच असत. आता ते सपाट करून प्लॉट पाडले आहेत. खुणेच्या दगडांमध्ये सात रोझ उभे होते, जागा बघायला आल्यासारखे.

"त्यांनी तरी जायचं कुठे, बा?" बेन म्हणाली. "पण तूर तर माझी आहे."

मी पैठणी सोडवून घेतली आणि तिथे दोन सुती साड्या बांधल्या. चार दिवसांत त्या कोपऱ्यातली तूर गेली. बेनने भांडी घासता घासता सांगितले. तक्रार केली नाही.

पैठणीचा एका बाजूला रंग उडाला आहे. तेवढा भाग निऱ्यांत जाईल. चिठ्ठी आता बाहेरून टाचली आहे.

कोपऱ्यात सध्या माझ्या लग्नातला शालू आहे. त्याची जर खरी आहे. रोझ अजून तरी वळतात. आजोबांनी विचारलेले नाही.