चुलीची राख नव्हे, डोंगराची

गेल्या रविवारी माझी सगळी हुशारी एका नाल्यात वाहून गेली... मी तेवढी काठावर राहिले, म्हणून हे लिहिते आहे.

मी शहरात, मेहरूणला राहते. माझ्या जाऊबाईंचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. झड लागण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नाल्यावर नेऊन धुवायच्या, ही तिथली पद्धत. दोन सरींनी घोटाभर पाणी आलं होतं आणि आम्ही आठ-दहा जणी खडकांवर गोधड्या आपटत होतो. डोक्यावर लख्ख ऊन... डोंगरावर मात्र आभाळ काळंकुट्ट.

बघता बघता पाणी काळं झालं. नुकतीच खळबळून काढलेली गोधडी कोळशात बुडवल्यासारखी! वरच्या अंगाला चार घरांची वस्ती आहे. माझं डोकंच फिरलं. "कोण ते राखेनं भांडी घासतंय? खाली माणसं आहेत, काही लाज?" असं मी तारस्वरात सुनावलं. वर चिटपाखरू नव्हतं...

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या धुरपताअक्कांनी ओंजळभर पाणी घेऊन नुसता वास घेतला. "बाई, हाई चुल्हानी राख नही. डोंगरनी शे. बठ्ठ्या बाहेर निंघा!" म्हणत त्या सगळ्यांना काठाकडे हाकू लागल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यातल्या वणव्यात समोरचा अख्खा उतार जळाला होता. पाणी धरायला गवताची काडी नाही... वरचा पाऊस राख, माती, दगड घेऊन थेट आमच्याकडे निघाला होता.

आम्ही धडपडत काठावर चढलो. जाऊबाईंची सून मनीषा मात्र मधल्या खडकावरून हलेना. भिजून जड झालेली, आईच्या हातची गोधडी तिने छातीशी धरलेली, पाणी गुडघ्यापर्यंत. "मनी मायनी शिवेल शे!" म्हणत रडत होती.

"तुनी माय दुसरी गोधडी शिवी," अक्का कडाडल्या, "आम्ही दुसरी मनीषा कोठेन आनसूत?"

मनीषाने गोधडी सोडली. मी आणि जाऊबाईंनी दोन हात धरून तिला वर ओढलं, आणि लगेच तो लोंढा आला... त्याला पाणी म्हणवत नाही. काळा चिखल, जळके ओंडके, एकमेकांवर आपटणारे धोंडे! मनीषाचा खडक दिसेनासा झाला. खरं सांगते, अजून आनंदाने ओरडावंसं वाटतं.

संतापही तितकाच आहे. वणवा लागला तेव्हा जो तो म्हणाला, जंगलाचं नुकसान झालं. अहो, जंगल वर आणि गाव खाली, मध्ये फक्त उतार! पावसात काय होईल, हे गावाला सांगायला एकही शहाणा फिरकला नाही.

म्हणून निघण्याआधी चावडीच्या फळ्यावर खडूने लिहून आले : 'डोंगरावर गवत उगवेपर्यंत, वर काळं आभाळ दिसलं की नाल्यात कोणी उतरायचं नाही.' अक्षर कॉन्व्हेंटचं आहे... अक्कल मात्र धुरपताअक्कांची.