बुंध्याला हात लावणार नाही

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण लोकांनी मला आयुष्यभर ऐकवली. धंदाच तसला. कुणाच्या लग्नात जेवायला बसलो की पंगतीतला एखादा शहाणा ती म्हणणार आणि बाकीचे दात काढणार. मीही हसायचो. पुढे मला ती म्हण ऐकवेना, त्याचं कारण माझ्या घरातच निघालं.

मी झाडं छाटायचो आणि कुंपणं करायचो. कुणाचा नोकर नव्हतो. औंढ्याजवळच्या आमच्या गावातून खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघायचं आणि हट्ट्यापासून पुसेगावापर्यंत जिथून सांगावा येईल तिथे जायचं. हिंगोलीत जुन्या बंगल्यांची मेंदीची कुंपणं सारखी करायची, खेड्यात वावराभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, माळवदावर आलेली चिंचेची फांदी माळवदाला धक्का न लावता उतरवायची. झाड तोडणारे पुष्कळ होते. झाड राखून फांदी काढणारा मी होतो, आणि मला त्याचा गर्व होता. उगाच साळसूदपणा कशाला करू?

या कामाला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरच्याच्या कमरेला अंबाडीचा दोर, तो एका जाड फांदीवरून घेऊन खालच्याच्या हातात. वरच्याचा पाय निसटला की खालच्याने दोर आवळायचा. माझा खालचा माणूस म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नात कान पिळायला आला तेव्हा त्याचा हात माझ्या कानापर्यंत पोचत नव्हता, कुणीतरी त्याला उचलून धरलं होतं. पुढे असा आडदांड झाला की बैलाला मागे सारेल. एकदा हट्ट्याला चिंचेची किडकी फांदी माझ्या पायाखाली मोडली. त्याने दोर सोडला नाही. त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली आणि माझी बायको आठवडाभर त्यांना हळद लावत बसली. त्या दिवसापासून मी वर चढताना खाली बघायचं सोडून दिलं.

आणखी एक रिवाज होता, माझ्या बापापासून चालत आलेला. कामाच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं. मालक हजर पाहिजे. बुडाशी सुपारी ठेवायची, खोडावर हात ठेवायचा आणि उद्या काय नेणार ते झाडाला मोठ्याने सांगायचं. तोडायचं असेल तर तोडतो म्हणायचं. फांदी काढायची असेल तर म्हणायचं, एवढी फांदी नेतो, बुंध्याला हात लावणार न्हाई. शिकलेले लोक या प्रकाराला हसत. पण बाकीच्यांसाठी तोच आमचा करारनामा होता. काम झालं की फांदी काढलेल्या जागा शेण आणि काळी माती कालवून लिंपायच्या. ते लिंपण मेहुण्याकडे असायचं. त्याचा हात त्यात बायकांपेक्षा चांगला होता.

लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या सालातली गोष्ट. आमच्या शेजारच्या गावात एका विधवा बाईचं लहानसं वावर होतं. बांधावर एक आंबा, तिच्या सासऱ्याने लावलेला. खोबऱ्या म्हणायचे त्याला, कारण त्याचा गर खोबऱ्यासारखा लागायचा. बांधाच्या पलीकडे गावच्या जमीनदाराची जमीन. आंब्याच्या सावलीखाली त्याची ज्वारी उठत नव्हती, म्हणून तो बाईच्या मागे लागला होता की आंबा काढ. बाई ऐकत नव्हती. त्या बांधाला दगडाची खूण नव्हती, आंबा हीच खूण. ती म्हणायची, "आंबा हाय तोवर माझा बांध हाय." शेवटी पलीकडे गेलेल्या दोन फांद्या काढायला तेवढी ती कबूल झाली.

मला बोलावणं जमीनदाराने केलं. ज्या ओसरीवर आम्हाला कधी कुणी पाणी विचारलं नव्हतं तिथे आम्हाला बसवून गुळाचा चहा पाजला. मी चहा पिऊन बाईला भेटायला पुढे निघालो. मेहुणा मागे थांबला, तंबाखू मागायला म्हणून. मला काही वाटलं नाही. आज त्या चहाची चव आठवली तरी जीभ कडू होते.

संध्याकाळी आंब्यापाशी सुपारी ठेवली. बाई डोक्यावरचा पदर सारखा करून उभी होती. मी म्हणालो ते तिने ऐकलं, तरी पुन्हा विचारलं, "दादा, बुंध्याला न्हाई न?"

"न्हाई माय. सुपारी ठेवली की आता."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही फांद्या खाली आल्या. बाई खूश झाली आणि आमच्यासाठी भाकरी आणायला घरी गेली. वर थोडं बांडगूळ होतं, तेही काढावं म्हणून मी बेचक्यात बसलो. तिथे बसून करायचं काम, दोराची गरज नव्हती. खालून कोयत्याचा आवाज येत होता. पानांतून मेहुण्याची पाठ तेवढी दिसायची. बुडाशी बसला होता.

"काय चाललंय रं?" मी विचारलं.

"वाळवी हाय दाजी. खरवडून लिंपून राहिलो."

मी वरूनच शाब्बास म्हणालो. खाली उतरलो तेव्हा बुडाशी चहूकडून नीट लिंपण झालं होतं, वर माती ओढलेली होती. बाई भाकरी घेऊन आली तेव्हा मीच तिला ते दाखवलं. म्हणालो, "बघ माय, न सांगता वाळवीचं बी पाहिलं त्यानं." तिने त्याच्या भाकरीवर ठेचा जास्त वाढला. तो खाली मान घालून जेवला.

माघात खोबऱ्याला असा मोहर आला की पान दिसेना. उन्हाळ्यात बाईने आमच्याकडे टोपलंभर कैऱ्या पाठवल्या, सोबत निरोप: तुमच्या हाताला गुण आहे. मी तो निरोप गावभर सांगत फिरलो. आमच्या घरी त्या वर्षी तिच्या कैऱ्यांचं लोणचं होतं. बायकोने ते घातलं, पण स्वतः कधी ताटात घेतलं नाही. दात आंबतात म्हणायची.

मग पाऊस झाला आणि आंब्याला पालवी फुटली नाही. पानं पिवळी पडली. दसऱ्याला झाड उघडं होतं. बाई स्वतः चालत आमच्या दारात आली. ओरडली नाही, बसली नाही. "चला, बघा," एवढंच म्हणाली.

मी जाऊन बुडाची माती सारली आणि लिंपणावर कुऱ्हाडीचा तुंबा, पाठीची बोथट बाजू, मारला. लिंपण खापरासारखं गळून पडलं. आत बुंध्याभोवती वीतभर साल काढलेली होती, सगळीकडून, कुठेही जोड न ठेवता. तो मोहर झाडाच्या आनंदाचा नव्हता. मरणारं झाड जाता जाता सगळं देऊन जातं, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

"तुमी शब्द देला होता," बाई म्हणाली. "मी आयकला."

"माय, मला ठावं नव्हतं."

"खाली तुमचाच माणूस होता न? काहून ठावं नव्हतं?"

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

जमीनदाराने वाळलं झाड म्हणून आंबा पाडला, खोडाचं मूळही उकरून काढलं. पेरणीच्या वेळी बांध बाईच्या वावरात सरकला होता. तिकडे तिफण कोण धरून राहिला हे बघायला मी मुद्दाम गेलो. माझा मेहुणा होता. ती जमीन त्याला बटईने, पिकाच्या वाट्यावर कसायला मिळाली होती.

त्याने बैल थांबवले. मी शिव्या दिल्या, त्याने ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "दाजी, झाडच होतं की. माणूस मारलं का मी? जल्मभर तुमचा दोरच धरू काय? मला बी वावर पायजे."

"मला सांगायचं तरी."

"सांगतलं असतं तर तुमी करू देलं असतं का?"

त्याचं म्हणणं बराबर होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. त्याला माझा स्वभाव पुरता ठाऊक होता आणि त्याने तो हिशेबात धरला होता. माझा शब्द, माझी सुपारी, माझी शाब्बासकीसुद्धा त्याच्या कामाला आली.

घरी येऊन मी बायकोपुढे सगळं बोललो. माझा आवाज चढला होता, शेजारी दारात आले होते. ती चुलीपुढून उठली नाही.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "लोणचं घातलं तवाच. तो रडला माझ्यापाशी. माझा भाऊ हाय, मी काय करू?"

मेहुण्याचा राग मला करता आला. हिचा करता येईना, आणि मनातून राग गेलाही नाही. ती माझ्या ताटात लोणचं वाढत होती, मी गावभर तो निरोप सांगत फिरत होतो, आणि तिला ठाऊक होतं. त्या दोघांनी मिळून मला मूर्ख केलं. आज म्हातारपणीही मला दुसरा शब्द सुचत नाही.

बोलावणी बंद झाली. लोक म्हणायचे, याने सुपारी ठेवली की झाड गेलंच समजा. तोडायला तेवढे बोलवायचे. मी जायचो, पोट होतं. सुपारी ठेवणं सोडून दिलं.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात पुसेगावाहून एक माणूस आला. दूरचा, त्याला मागचं काही माहीत नसावं. घरावर आलेली कडुलिंबाची फांदी काढायची होती, झाड राखून. किती वर्षांनी ते शब्द ऐकले! मी हो म्हणालो, पण दोर धरायला कुणी नव्हतं. सकाळी निघालो तर बायको भाकरी बांधून मागे आली. मी नको म्हणालो नाही, ये म्हणालो नाही. पुसेगावापर्यंत ती मागे चालत राहिली.

झाडाखाली मी दोर फांदीवरून टाकला. तिने दोन्ही हात पुढे केले. "द्या, मी धरते. सोडणार न्हाई."

तिने सोडला नसता. भावासारखीच तिनेही हाताची सालं जाऊ दिली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तरी मी दोर तिच्या हाती दिला नाही. लिंबाच्या बुंध्यालाच बांधला, तेवढ्या लांबीत जमेल तेवढं काम करायचं ठरवलं. ती हात तसेच धरून उभी होती. मी चढायला लागलो आणि चढताना सारखा खाली बघत राहिलो.