बांडीचं पातळ दूध

तोफमावशींबद्दल मास्तरांना खरं म्हणजे फारच थोडं माहीत होतं. कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ दोघांची गाठ पडायची, पण ती डेअरीच्या खिडकीशी, आणि तीही दूध मोजून होईपर्यंत. मावशींचं खरं नाव काय, यजमान कशानं गेले, मूलबाळ होऊन गेलं की झालंच नाही, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटायचं, नाही असं नाही. पण मागे रांग असायची, आणि मास्तरांचा स्वभाव असा की कुणाला किती वाजले हे विचारायचं तरी त्यांना दोनदा घसा खाकरावा लागे. तेव्हा इथे सांगायचं आहे ते खिडकीतून दिसलं तेवढं, आणि एकदाच गोठ्यात जाऊन पाहिलं तेवढं. बाकी चूकभूल द्यावी घ्यावी.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. ते डेअरीत दूध तपासत. दुधाला मार्क देतात म्हणून कुणीतरी मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली. एका भिंतीला यंत्र, दुसरीला रिकामे कॅन, आणि धुण्याचं पाणी बाहेर पडावं म्हणून दाराकडे उतरती फरशी. खिडकीच्या कट्ट्यावर किटली यायची. मास्तर दूध ढवळून नमुना घ्यायचे, यंत्राला लावायचे आणि आलेला आकडा मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं वाचायचा तो नियम त्यांना सगळ्यात जड जाई.

मावशींना तोफ म्हणत ते माघारी. वळणापलीकडून त्यांचा आवाज आधी यायचा आणि मग त्या यायच्या. "सरका रे, दूध उन्हात ठेवून गप्पा कसल्या मारताय? विरजण लावायला निघालात का?" किटली नेहमी लख्ख. कट्ट्यावर ती आपटली गेली तर शिवी किटलीलाच. त्यांच्याकडे गाय एकच, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, म्हणून बांडी. सोबत थोडी कोरडवाहू जमीन. जमिनीतून चारा, चाऱ्यातून दूध, आणि दुधावर मावशींचं एकटीचं घर. यातला एक धागा तुटला की सगळंच सुटणार, हे रांगेतल्या कुणालाही सांगायला नको होतं.

त्या वर्षी धागा मक्यापासून तुटला. पावसानं आधीच पाठ फिरवली होती, आणि मग ऊन असं तापलं की सकाळी नऊलाच पत्र्याखाली उभं राहवेना. मावशींचा मका कमरेएवढा झाला आणि थांबला. पानांच्या सुरळ्या झाल्या. तुरा आला तो आल्याआल्या करपला, आणि कणसांना केस आलेच नाहीत. दाणा भरणार नाही हे दिसल्यावर मावशींनी उभा मका कापून गाईला घातला. तो संपल्यावर उरलं वाळलेलं काड. विहिरीनं तळ दाखवला. टँकर यायचा, घरटी एक ड्रम भरून द्यायचा, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बांडीच पिऊन टाकायची.

"गाय आहे की अगस्ती?" रांगेतले म्हशीवाले अण्णा म्हणायचे.

"तिला शिंगं तरी आहेत," मावशी म्हणायच्या. "तुम्ही नुसतंच पिता."

मग एका सकाळी मावशींच्या दुधाची डिग्री, म्हणजे घट्टपणाचा आकडा, लागली नाही. मास्तरांनी काचेची नळी पुसली, नमुना पुन्हा घेतला, यंत्राला पुन्हा लावला. आकडा तोच. त्या आकड्याखाली गेलं की दुधात पाणी आहे असं धरायचं आणि दूध परत करायचं, असा वरचा नियम होता. मास्तरांनी घसा खाकरला.

"मावशी... जरा कमी आलंय."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे... पाणी दाखवतंय."

मग अण्णांनी तोंड उघडलं. "मावशी, विहीर आटली आटली म्हणता, ती किटलीत कशी निघाली?"

"अरे बाबा, पाणी असतं तर आधी मी प्यायले असते! दुधात घालायला मला वेड लागलंय?"

सगळे हसले, मावशीही हसल्या. किटली तशीच उचलून घरी नेली. पण संध्याकाळी तेच झालं, दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा कुणी हसलं नाही. आणि हे हसणं थांबलेलं पाहून मास्तरांना फार वाईट वाटलं, कारण थट्टा चालू होती तोवर त्या पाणी घालतात असं कुणी खरंच मानत नव्हतं. आता मानू लागले होते. एक बाई तर आपली किटली मावशींच्या किटलीपासून हातभर लांब सरकवून ठेवू लागली, जसं काही पाणी उडून येणार होतं.

मास्तरांना मनातून खात्री होती की मावशी तसं करणार नाहीत. पण खात्री यंत्राला लावता येत नाही. त्यांनी दूधसंघातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मग समक्ष नमुना घ्या." म्हणजे तपासणाऱ्यानं स्वतः गोठ्यात जायचं, डोळ्यांदेखत धार काढायला लावायची आणि ते दूध तपासायचं. ते तसंच पातळ निघालं तर पाणी घातलेलं नाही हे सिद्ध. मास्तरांनी मावशींना सांगितलं, "उद्या संध्याकाळी येतो. तुमच्यावरचा आळ जाईल."

"आणि दूध घ्याल?"

"आधी आळ तर जाऊ द्या," मास्तर म्हणाले. यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं.

मावशी त्या दिवशी काहीच न बोलता गेल्या. एवढ्या गप्प त्या कधी नसत. पण ते मास्तरांच्या ध्यानात आलं नंतर.

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा उन्हं कलली होती, पण झळ तशीच होती. गोठा स्वच्छ. छपरावर ओली पोती टाकलेली, ती केव्हाच वाळून कडक झालेली. बांडी मान पुढे ताणून उभी होती. तोंड उघडं, जीभ लोंबलेली, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. मावशी कासेशी बसल्या आणि सड ओढू लागल्या. धार येईना.

"सोड गं बाई. आज तरी सोड. पाहुणे आलेत, लाज आणू नकोस." त्यांनी कास चोळली, थोपटली, एक शिवी घातली, पुन्हा थोपटलं. बऱ्याच वेळानं बांडीनं थोडा पान्हा सोडला. भांड्याचा तळ झाकला गेला इतकंच. मास्तरांनी ते बाटलीत घेतलं. वळताना त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या ड्रमकडे गेलं. वर फळी, फळीवर दगड. फळीच्या फटीतून पाणी दिसत होतं, अगदी काठोकाठ. टँकर सकाळी येऊन गेला होता. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी कुणाचाच ड्रम भरलेला नसे.

"मावशी, पाणी... शिल्लक आहे?"

मावशींनी पदराच्या टोकाला हात पुसले. "पाजलं नाही आज."

"सकाळपासून?"

"पाणी कमी प्याली तर दूध घट्ट येईल म्हटलं. एकच दिवस. तुम्ही येणार होता ना."

तोफेचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "तसं नसतं हो."

"मग कसं असतं?"

दूध मास्तरांना मोजता यायचं. गाईच्या पोटात ते कसं तयार होतं, पाणी कुठे जातं, ऊन कुठे शिरतं, यातलं त्यांना नीट काही सांगता आलं नसतं. त्यांना फक्त समोरची गाय दिसत होती. त्यांनी दगड उचलला, फळी काढली. मावशींनी बादली भरून पुढे ठेवली. बांडीनं त्यात तोंड घातलं, घटाघटा प्याली, आणि बादली अर्धी असतानाच तिचे पुढचे पाय दुमडले.

"अगं, अगं, अगं!" मावशींनी तिची मान धरली. गाईची मान का बाईच्या हातानं पेलते? बांडी कुशीवर गेली. डोळे फिरले.

मास्तर धावत बाहेर गेले. समोरून नेमके अण्णा येत होते, त्यांना नुसतं बोटानं दाखवलं. अण्णा आले, त्यांच्यामागून आणखी दोघंतिघं आले. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते पार दुसऱ्या टोकाला. सगळीकडे जनावरं बसत होती. ते म्हणाले, "मी पोचेपर्यंत अंगावर पाणी मारत राहा. डोक्यावर, मानेवर, पायांत. वारा घाला. आणि एकदम पोटभर पाजू नका, घोट घोट द्या."

मग दिवसभर राखून ठेवलेला तो ड्रम तांब्यातांब्यानं बांडीच्या अंगावर रिता झाला. अण्णा पोत्यानं वारा घालत होते. मावशी तिच्या डोक्याशी बसून होत्या आणि बोलत होत्या, पण काय ते कुणाला ऐकू येत नव्हतं. ड्रम संपल्यावर अण्णा घरी गेले आणि आपल्या म्हशींच्या वाटचं पाणी घेऊन आले. त्याबद्दल नंतर ना ते कधी बोलले, ना मावशी.

अंधार पडता पडता बांडी उठली. पाय लटपटत होते, पण उठली. डॉक्टर आले, सुई दिली, आणि म्हणाले, "जगेल. दुधाचं मात्र सांगता येत नाही."

मास्तरांनी डेअरीत जाऊन बाटलीतला नमुना लावला. डिग्री तेवढीच आली, जेवढी इतके दिवस येत होती. पाण्याचा थेंब नसलेलं, डोळ्यांदेखत काढलेलं दूध, आणि यंत्र म्हणत होतं पाणी आहे. त्यांना आनंद झाला. इतका झाला की त्यांनी घसाही न खाकरता साहेबांना फोन लावला.

"साहेब, समक्ष काढलंय. पाणी नाही. गाईचंच पातळ येतंय. उन्हानं, आणि हिरवा चारा नाही म्हणून."

"बरं झालं. त्यांच्या नावावरचा भेसळीचा शेरा काढतो."

"आणि दूध?"

"दूध कसं घेणार? पातळ ते पातळ."

"पण त्यांचा दोष नाही, साहेब."

"माझा आहे का? पुढे माझंही दूध कुणीतरी तपासतंच की." मग साहेबांचा आवाज थोडा मऊ झाला. "पाऊस पडू द्या, हिरवं खायला मिळू द्या. आपोआप लागेल डिग्री. तोवर ऊन काय माझ्या हातात आहे?"

ते खरंच होतं. मास्तरांनी फोन ठेवला. भांडायचं तर कुणाशी, हे त्यांना कळेना. साहेब वाईट नव्हते, यंत्र खोटं नव्हतं, गाय तर नव्हतीच.

सकाळी रांगेसमोर त्यांनी सांगून टाकलं, "मावशींच्या दुधात पाणी नव्हतं. मी स्वतः पाहिलंय." त्यांना वाटलं होतं यानं काहीतरी होईल. लोकांनी माना डोलावल्या. किटली लांब ठेवणारी बाई म्हणाली, "मला तर माहीतच होतं." आणि रांग पुढे सरकली. मावशी त्या रांगेत नव्हत्या. आळ गेला होता आणि दूधही गेलं होतं. बांडी त्या दिवसानंतर आटत आटत चहापुरतं देऊ लागली, मग तेही नाही.

नंतर मावशी डेअरीवरून जायच्या त्या काड शोधायला. कुणाच्या बांधावर काही उरलंय का, कुणी देतंय का. जे होतं ते ज्यानं त्यानं आपल्या गोठ्यात कोंबलेलं. मास्तर खिडकीतून पाहायचे. एकदा म्हणाले, "मिळालं का?" मावशी म्हणाल्या, "मिळेल." हात रिकामेच होते. मास्तरांकडे ना शेत, ना चारा. डेअरीतलं धुण्याचं पाणी तेवढं त्यांच्या ताब्यात. त्यांनी एकदोनदा मनाशी ठरवलं की आपण काहीतरी करू. काय करू, इथे येऊन विचार थांबायचा, आणि तोवर पुढची किटली आलेली असायची.

शेवटी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मावशी बांडीबरोबर मागच्या हौद्यात उभ्या राहून निघाल्या होत्या. बाजारापर्यंत सोडते म्हणाल्या, अनोळखी हातात ती बिथरते. त्यानंतर त्या परत इथे राहायला आल्या नाहीत. बाजारावरूनच भाचीकडे शहरात गेल्या, घराला कुलूप अण्णांनी लावलं, आणि पुढच्या वर्षी त्या तिकडेच वारल्याचं कळलं. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी टेम्पो डेअरीसमोर थांबला, एवढंच. ऊन वर आलं होतं. बांडीच्या बरगड्या मोजता येत होत्या. ड्रायव्हर उतरून टायर पाहत होता. मावशींनी वरून हाक मारली. त्या आवाजानं रांगेतली मंडळी वळली.

"मास्तर! एक बादली पाणी मिळेल का? बाजार लांब आहे."

मास्तरांनी बादली भरली आणि वर दिली. मावशींनी ती बांडीच्या तोंडाशी धरली. गाय सावकाश प्याली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी तिचं पिणं चालूच होतं.

"बादली उद्या आणून देते," मावशी म्हणाल्या.

"राहू द्या हो. सवडीनं आणा."