पडून उठणारा जवान

कार्टूनमधल्या लढाईचा मला राग आहे. नुसता राग नाही, खुन्नस आहे, आणि ती साठ वर्षं जुनी आहे. घरात नातू टीव्हीसमोर बसतो, पडद्यावर रणगाडे येतात, कोणीतरी उडतं, काळंठिक्कर पडतं, त्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरतात आणि पुढच्या क्षणी तेच ध्यान पुन्हा पळायला लागतं. नातू खदाखदा हसतो. मी उठून अंगणात जातो. सून म्हणते, बाबांना आवाज सहन होत नाही. आवाजाचं काही नाही. मी बारा वर्षं जनरेटरच्या शेजारी उभं राहून नोकरी केली आहे.

ती नोकरी होती सरकारी प्रचाराच्या गाडीवर, बुलढाण्याला. मी ऑपरेटर. जीपमध्ये सिनेमाचं मशीन, रिळांचे डबे, पडदा, भोंगा आणि मागे जनरेटर. आज नांदुरा, उद्या रोहिणखेड, पुढच्या हप्त्यात अमडापूर. दुपारी गावात शिरायचं, भोंग्यावरून दवंडी द्यायची, बाजाराच्या जागेत दोन बांबू रोवून मधे पांढरा पडदा ताणायचा. दिवेलागणीला सिनेमा सुरू. पुरुष पडद्यासमोर बसत आणि बाया पडद्यामागे. हा नियम कोणी केला नव्हता, पण गावोगाव हेच. कापड पातळ असल्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटं. अक्षरं उलटी, आणि जवान सलाम ठोकणार तो डाव्या हातानं. बायांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मशीनपाशी उभ्या माणसाला मात्र पलीकडे कोण बसलंय ते कधीच दिसत नसे.

रिळं म्हणजे विहिरी, खतं, देवीची लस. चीनची लढाई होऊन गेली आणि त्यांत एक कार्टून आलं. पाच मिनिटांचं. डोंगर कापसाच्या ढिगासारखे पांढरे. शत्रू पिवळा, बुटका, दात पुढे आलेला, चालताना आपल्याच बंदुकीत पाय अडकवणारा. आपला जवान गालफडं लाल असलेला, मिशीवाला. शत्रू तोफ डागतो, मोठा धूर होतो, धूर निवळतो तर जवानाच्या जागी नुसता काळा ढीग. मग ढिगात दोन डोळे लुकलुकतात, तो उठतो, अंगावरची काजळी झटकतो, सलाम करतो आणि शत्रूला अशी लाथ घालतो की तो डोंगरापलीकडे जाऊन पडतो. झेंडा. समाप्त. रक्ताचा एक थेंब नाही. ज्यानं हे काढलं त्याला वाटलं असेल, लोकांना धीर येईल. लोकांना धीर नाही आला, हसू आलं. काळ्या ढिगात डोळे लुकलुकले की गावंच्या गावं लोटपोट व्हायची.

माझा मोठा भाऊ त्या लढाईत होता. आधी त्याची पत्रं बंद झाली, मग एक कागद आला. मीच तो मायला वाचून दाखवला. तो मेला असं त्यात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. बेपत्ता. मायनं तो कागद दोनदा वाचायला लावला आणि घडी करून डब्यात ठेवला. बाप आधीच गेलेला. घरात आम्ही दोघंच उरलो, आणि मी हप्त्यातले पाच दिवस गाडीवर.

आमच्या गावात तेव्हा नवीनच सरपंच झाले होते. पंचायतीचं कौतुक होतं, खुर्चीचं त्याहून जास्त. हॉटेलात चहा पिता पिता त्यांनी निकाल देऊन टाकला, की बेपत्ता म्हणजे पळाला. मेला असता तर तसं कळवलं असतं, पकडला गेला असता तर तसं कळवलं असतं, हा बंदूक टाकून पळाला आणि आता तोंड दाखवायला लाजून राहिला. संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया मायला वाट देऊ लागल्या, पण तिच्याशी बोलेनात. माझ्या भावानं आयुष्यात कुत्र्याला दगड मारला नसेल, पण तो कुत्र्याला भिऊन पळालाही नव्हता. हे मी कोणाकोणाला सांगत फिरणार होतो?

त्याच महिन्यात आमची गाडी आमच्याच गावात लागली. सरपंच पुढे खुर्चीवर. कार्टून सुरू झालं, धूर झाला, काळा ढीग दिसला, आणि सरपंच असे हसले की खुर्ची करकरली. रीळ संपलं तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा लाव बे तो उडाचा भाग." गाडीवरचे आमचे साहेब शेजारी पान खात उभे होते. त्यांनी मान हलवली. मी रीळ मागे गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. माझ्या हातानं लावलं. माझा भाऊ कुठल्या बर्फात पडला होता देव जाणे, आणि त्याला पळपुटा म्हणणारा माणूस तोफेनं उडणारा जवान दुसऱ्यांदा बघून मांडीवर थापा मारत होता. त्या क्षणी मी ठरवलं की याचं हसू याच्याच घशात कोंबायचं.

दीड महिना मी वाट पाहिली. त्या दिवसांत मी गावोगाव ते कार्टून दाखवलं आणि प्रत्येक वेळी सरपंचाची खुर्ची डोळ्यांपुढे आणली. राग शिळा होऊ दिला नाही. मग आमच्या गावाची पाळी आली, आणि नेमके साहेब तालुक्याला मीटिंगला अडकले. आदल्या दिवशी मोताळ्याच्या मुक्कामी मी डबा उघडला. रीळ तुटलं की जोडायची कात्री आणि चिकट द्रावण आमच्याजवळ असायचंच. काळ्या ढिगात डोळे लुकलुकण्याच्या आधी एक काप, झेंड्याच्या आधी दुसरा. मधली चार हात फिल्म निघाली. दोन टोकं जोडली, अंगठ्यानं दाबली. निघालेला तुकडा उजेडात धरून पाहिला. इवल्या इवल्या चौकटींत तो लाल गालांचा गडी उठत होता. मी तो चुलीत टाकला. कागदासारखा भर्रकन नाही जळाला, घाण वास सोडत आक्रसत गेला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सरपंच आले, चार माणसांना सांगतच आले की आता गंमत पाहा. विहिरीची फिल्म झाली, कार्टून लागलं. तोफ सुटली. धूर झाला. सरपंचांनी धूर निवळायच्या आधीच हसायला सुरुवात केली, पुढचं त्यांना पाठ होतं ना. धूर निवळला. काळा ढीग. ढीग तसाच राहिला आणि लगेच त्यावर झेंडा फडकला. समाप्त. सगळ्या मैदानात एकट्या सरपंचांचं हसू चालू होतं. ते मधेच थांबलं. पोरं एकमेकांना विचारू लागली की उठला का नाही. पुरुषांतले दोघेतिघे माना खाली घालून बसले, कारण ढीग कसा दिसतो ते आता कुठे त्यांना दिसलं होतं.

सरपंच वळले. "कुठं गेला बे तो?"

मी भोंग्याचा माईक हातात घेतला. साहेब नव्हतेच. म्हटलं, "पळाला, सरपंच. तुमीच त म्हणले होते."

सरपंच उठले. खुर्चीचा पाय त्यांच्या धोतरात अडकला, तो सोडवायला कोणी पुढे झालं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो स्वतः सोडवला आणि गेले. पुढे कितीतरी वर्षं ते रस्त्यात मला पाहून गल्ली बदलत. त्यांच्या त्या चेहऱ्याचा आनंद मला आजही होतो. वय झालं म्हणून माफ करावं असं म्हणतात. मी केलेलं नाही.

गर्दी पांगली. मी पडदा सोडायला गेलो, तर पडद्यामागे बायांच्या जागेत एकटी माय बसून होती. मला वाटलं होतं, त्या कागदानंतर ती कोणाच्या लग्नकार्यालाही जात नाही, ती सिनेमाला कशाला येईल. शेजारची मावशी काही अंतरावर तिची वाट पाहत उभी होती. तिनंच सांगितलं, की आमच्या गावात ते कार्टून पहिल्यांदा लागलं त्या दिवसापासून माय येते. रोहिणखेडला ती चालत गेली होती. नांदुऱ्याला एस.टी.नं. गाडी कुठे लागणार हे दर हप्त्याला मीच जेवताना मायला सांगत असे. मावशी म्हणाली, विहिरी-खतं चालू असली की ती खाली बघून बसते. तेवढा तो जवान आला की बघते, तो उठला की उठते आणि घरी चालू लागते.

मी मायपुढे बसलो. माझ्या अंगाला अजून चुलीतला वास येत असल्यासारखं मला वाटत होतं.

"आज उठला नाही तो," माय म्हणाली. "काऊन?"

म्हटलं, फिल्म तुटली. तर म्हणाली, मग जोडून घे उद्या. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं आवाज खाली आणला, मावशीला ऐकू जाऊ नये इतका.

"तू भोंग्यातून म्हणला, पळाला म्हणून. तुले काही मालूम झालं का रे?"

मी म्हटलं, माय, ते सरपंचाला लागावं म्हणून म्हटलं. तिनं ते ऐकलंच नाही. माझं मनगट धरलं.

"पळाला असंन त मले त्याची लाज नाही. गाव म्हणू दे. कुठंही राहो, पळू दे त्याले. पळाला ना?"

ज्या शब्दासाठी मी दीड महिना दात-ओठ खाल्ले होते, तो तिला हवा होता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हाव माय. पळाला."