'पूर्ण टीम'च्या फोटोत मी नव्हते

मंडळी, आज सकाळी अकोल्यातल्या एका सायकल क्लबसोबत पहिल्यांदाच गेले. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, तरी हिंमत केली.

निघताना क्लबचे सर म्हणाले, "ताई, घाबरू नका. आमी मागं कोणालेच सोडत नाही." पातूर रोडवरच्या एका चहाच्या टपरीपर्यंत जायचं होतं.

शहर संपलं तशी मी मागे पडत गेले. थोड्या वेळानं त्यांचे पिवळे टी-शर्टही दिसेनासे झाले. त्यातच चढावर गिअर बदलताना माझी चेन उतरली. बाजूनं ट्रक धडधडत चाललेले, आणि मी रस्त्याच्या कडेला बसून चेन चढवून राहिले.

तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. वाटलं, कोणीतरी विचारत असेल, 'ताई, कुठं आहात?' काळ्या हातानंच उघडला. क्लबच्या ग्रुपवर फोटो होता. सगळे चहाचे ग्लास उंचावून उभे, आणि खाली सरांनी लिहिलेलं, 'आपली पूर्ण टीम!'

सगळे अंगठे देत होते. सवयीनं मीही दिला. मग चेन कशीबशी चढवली, सायकल फिरवली आणि घरी आले. अजून एकाचाही फोन नाही.

आईनं विचारलं, "कशी झाली वं राइड?" मी फोटोच दाखवला. तिनं चष्मा लावून एकेक चेहरा पाहिला.

"याच्यात तू कुठी हायस?"

हेच ग्रुपवर विचारू का? की गुपचूप ग्रुप सोडून देऊ? सोडला तर कोणाच्या लक्षात तरी येईल का?