सहा घरांचा धूर

आमच्या डोंगरावर हक्क कुणाचा, हे आमच्याकडे कागद ठरवत नाही, चूल ठरवते. ज्या घराचं दार उघडं आणि धुराड्यातून धूर, ते घर गावकीत. डोंगरावरची लाकडं, चराई, झऱ्याचं पाणी आणि सभेतलं एक मत त्याचं. धूर थांबला की हक्क गेला. परत येऊन राहिलात, चूल पेटवलीत, तर परत मिळेल. सान पायोच्या गावकीचा मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे आणि त्याआधी इथलाच पोस्टमन होतो, त्यामुळे कुठल्या घरात कोण राहतं आणि कोण राहत नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरीही दरवर्षी यादीत मी एकतीस घरं लिहीत आलो. त्यांतली सहा रिकामी होती.

त्या सहा घरांचा धूर एरुंदिना काढायची.

बुटकी बाई, वय एकाहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले की ती एप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा घालून निघायची. एकेक घर उघडायचं, चुलीत चार काटक्या पेटवायच्या, धूर छपरावर दिसेपर्यंत बसायचं, मग विझवून पुढच्या घरी. घरमालक कुणी जर्मनीत, कुणी बार्सेलोनाला. नाताळला ते चॉकलेटं पाठवायचे. तिला साखरेचा आजार, म्हणून ते डबे माझ्याकडे यायचे. माझे दात आज जसे आहेत त्याचं कारण हेच.

सुरुवात झाली होती तिच्या स्वतःच्या पोरापासून. ब्रेइशो बाविसाव्या वर्षी बांधकामावर म्हणून स्वित्झर्लंडला गेला. आजोबांचं घर त्याच्या नावावर होतं. परत येऊन तिथेच राहायचं, हे तो दर फोनला सांगायचा, आणि तसं सांगता सांगता चव्वेचाळीसचा झाला. घर थंड पडलं तर पोराचा डोंगरावरचा हक्क जाईल, म्हणून ती चूल पेटवायला लागली. मग शेजारच्यांनी विचारलं, आमचीही पेटवशील का. एरुंदिनाला नाही म्हणता येत नाही. निदान मला तरी तसंच वाटायचं.

गावाच्या पाण्याची पाळीही तीच सांभाळायची. झऱ्यापासून येणाऱ्या पाटाचं पाणी सोमवारी कुणाच्या मक्याला, मंगळवारी कुणाच्या बटाट्याला, हे सगळं तिच्या डोक्यात. कुणी अर्धा तास जास्त वळवलं तर ती काही बोलायची नाही, फावडं घेऊन बांधावर येऊन उभी राहायची. मी स्वतः दोनदा पकडला गेलोय.

त्या ऑगस्टात पलीकडच्या कड्यावर पावसाविना कोरडी वीज पडली आणि डोंगर तीन दिवस जळला. घरं आम्ही वाचवली, डोंगर नाही वाचवता आला. चौथ्या दिवशी एरुंदिना दारात येऊन म्हणाली, चल, झऱ्याकडे जाऊन येऊ. गुडघा घेऊन ती पुढे आणि धडधाकट मी मागे. वर एक पक्षी नव्हता, एक किडा नव्हता. घोट्यापर्यंत राख आणि काळे उभे खांब. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला नकोसा झाला.

झऱ्याच्या वरच्या अंगाला तिनं हातानं राख बाजूला केली आणि बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. ते जिरलंच नाही. तेल लावलेल्या कढईत पडावं तसे त्याचे गोळे झाले, त्यांनी अंगाला राख लावून घेतली आणि ते उतारावरून घरंगळत गेले.

"जमिनीनं पाणी प्यायचं सोडलंय, दिनो," ती म्हणाली. "पहिल्या पावसात हे सगळं नदीत जाणार. नदीतून खाडीत. आपल्याला खाली दगड उरतील."

मी म्हटलं, बघू. एखादी गोष्ट पटली की लगेच कबूल करायची नाही, ही माझी जुनी खोड.

दोन आठवड्यांत एक लाकूडवाला आला. जळलेली सगळी पाइन आणि निलगिरी तो हिवाळ्याआधी यंत्रांनी ओढून नेणार होता आणि रोख देणार होता. वनखात्याची बाई म्हणाली, ओढून न्याल तर उतारावर चर पडतील आणि माती त्या चरांतून धावेल. त्यापेक्षा खोडं पाडून उताराला आडवी टाका, वर पेंढा पसरा, माती थांबेल. एका बाजूला पैसे, दुसऱ्या बाजूला नुसते कष्ट. मी विकायच्या बाजूचा होतो, लपवण्यात अर्थ नाही. जळलं ते जळलं, निदान चार पैसे तरी हाती लागतील, असं मला वाटत होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर जुन्या शाळेत सभा भरली. हात मोजले. विकायला अकरा, ठेवायला चौदा. पण माझ्या कोटाच्या खिशात सहा पत्रं होती, रिकाम्या घरांच्या मालकांची, सगळी विकायच्या बाजूची. त्यात ब्रेइशोचंही होतं. लाकडाच्या पैशातून त्याला घराचं छप्पर करायचं होतं, मग तो येणार होता. अकरा आणि सहा सतरा. मी जरा ऐटीतच पाकिटं बाहेर काढली.

"दिनो, ती पत्रं वाचू नकोस," एरुंदिना बसल्या जागेवरून म्हणाली.

मी विचारलं, का.

"त्या घरांत कुणी राहत नाही. धूर मी काढते."

हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. मला तर चॉकलेटांसकट माहीत होतं. पण आमच्याकडे गावाला माहीत असणं वेगळं आणि सभेत बोललं जाणं वेगळं. सभेत बोललेलं सेक्रेटरीला लिहावं लागतं, आणि लिहिलं की घर यादीतून जातं. मला ते लिहावं लागू नये, तिनं शब्द मागे घ्यावा, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो. मागून म्हाताऱ्या व्हेंतुरानं विचारलं, "ब्रेइशोचं पण?"

"त्याचं पहिलं," ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण काढलं. बावीस वर्षं रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यानं राखलेला पोराचा हक्क तिनं एका वाक्यात सोडून दिला होता आणि तिचा आवाजही बदलला नव्हता. मला त्या बाईची भीती वाटली. चर्चमध्ये लहानपणी वाटायची तशी भीती.

संध्याकाळपर्यंत बातमी स्वित्झर्लंडला पोचली. ब्रेइशोचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं की आई, तू स्वतः सांगितलंस का. ती हो म्हणाली. त्यानं फोन ठेवला, तो पुढे केलाच नाही. हे तिनं मला शेंगा सोलताना सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं. सोललेले दाणे मात्र ती टरफलांच्या टोपलीत टाकत होती.

खोडं ठेवायचा ठराव जिंकला, पण हात कुठून आणायचे? पंचवीस घरं, त्यांतली अर्धी माणसं एरुंदिनासारखी सांधे धरलेली. पठारावरच्या शेतकऱ्यांनी पेंढ्याचे ट्रक पाठवले, ते चौकात भरलेलेच उभे राहिले. मग एरुंदिना बस पकडून खाली खाडीवर गेली. तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी बरोबर गेलो, आणि वाटेभर तिला सांगत होतो की जाऊ नकोस.

कारण खाडीवरच्या बायांचं आणि आमचं कधीच जमलेलं नाही. त्या ओहोटीच्या वेळी चिखलात वाकून दाताळ्यानं तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. बारा वर्षांपूर्वी आमचा डोंगर जळला होता, तेव्हा राख वाहून खाली गेली आणि त्यांच्या तिसऱ्या चिखलाखाली गुदमरून मेल्या. त्यांनी तो काळा चिखल बादल्या भरून आणला आणि आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर ओतला. पायऱ्या मीच धुतल्या होत्या.

त्यांची पुढारी दोरिंदा गुडघाभर चिखलात उभी होती. आम्हाला बघून ती सरळसुद्धा झाली नाही.

"वरच्यांना खाली यायचा रस्ता माहीत आहे म्हणायचा," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्ही फक्त राख पाठवता."

"या वेळी पाठवायची नाहीये," एरुंदिना म्हणाली. "म्हणून आले."

शनिवारी सकाळी चौकात दोन बसगाड्या थांबल्या. आत साठ बाया, पायांत रबरी बूट, हातात तिसऱ्यांची तीच दाताळी. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. त्या रांगेनं उतारावर चढल्या, ओणव्या झाल्या आणि पेंढा पसरायला लागल्या, खाली वाळू ओढतात तशा एका लयीत, मागे सरकत सरकत. त्यांच्यामागे काळा डोंगर पिवळा होत गेला. आमची माणसं वरून खोडं पाडून आडवी लावत होती. दुपारी आम्ही बटाटे आणि पालेभाजीचा रस्सा वाढला. दोरिंदा म्हणाली, मीठ कमी आहे. एरुंदिना म्हणाली, मीठ तुमच्याकडे असतं. त्यावर जे हसू फुटलं ते साठ बाया आणि पंचवीस घरं मिळून फुटलं. असं आमच्या डोंगरावर पूर्वी कधी झालेलं मला आठवत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर, झऱ्यावरचा शेवटचा उतार अजून उघडा असताना, भर दुपारी, काम चालू असतानाच पाऊस आला. साधासुधा नाही, छपरं वाजवणारा. आम्ही आणि खाडीवरच्या बाया, सगळे पुलाकडे धावले. पुलाखाली दोन पाणी मिळतात. आमची बारबेइता नदी आणि पलीकडच्या डोंगराचा ओढा. तो डोंगरही त्याच आगीत जळला होता, पण तिथे आता घरंच उरलेली नाहीत, मग पेंढा कोण पसरणार? ओढा काळाकुट्ट आला, दाट, बुडबुडे काढत. आणि आमची नदी फिक्या चहाच्या रंगाची आली. तळातले दगड दिसत होते. पुलाखाली दोन्ही मिळाली, पण मिसळली नाहीत. अर्ध्या पात्रात काळं आणि अर्ध्या पात्रात आमचं, शेजारी शेजारी, वळणापर्यंत.

दोरिंदानं डोक्यावरची टोपी मागे केली आणि भर पावसात तशीच उभी राहिली. मी विकायला हात वर केलेला माणूस. मी त्या पाण्याकडे बघितलं आणि मला रडू आलं. माणसांनी हातांनी केलेलं इतकं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. एरुंदिना कठड्याला धरून होती. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. कुणीतरी फोनवर त्या दोन पाण्यांचं चित्रण केलं आणि ते जगभर गेलं. आमची माणसं जगभरच असतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उरलेल्या उतारासाठी सगळे पुन्हा जमले. गावकीचं काम असलं की घरटी एक माणूस द्यावा लागतो. काम सुरू होण्याआधी मी घरांची नावं वाचतो आणि घरातलं जे कुणी आलं असेल ते हजेरी देतं. मी वाचत गेलो. जिथे ब्रेइशोचं घर यायचं तिथे माझीच आडवी रेघ होती, ती ओलांडून पुढे गेलो. एरुंदिनाला मी बजावलं होतं की गुडघा सुजलाय, येऊ नकोस, तुझ्या घरापुढे मी खूण करून टाकतो. ती म्हणाली होती, खोट्या खुणा पुरे झाल्या. आणि दाताळं घेऊन ती पहिल्या रांगेत उभी होती.

"एरुंदिनाचं घर," मी वाचलं.

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बायांच्या मागून आवाज आला.

"हजर."

ब्रेइशो होता. दोन दिवस गाडी चालवून आलेला, दाढी वाढलेली. घरी गेला नव्हता, थेट इथेच आला होता. ज्या डोंगरावर त्याचं आता काडीचंही नव्हतं, तिथे आईच्या घराचा माणूस म्हणून उभा होता. तो पुढे आला, आईच्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि वर चढायला लागला.

एरुंदिना तिथेच पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.