'आजचा भाव', पण मिरचीचा नाही

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शहाद्याहून नंदुरबारला मनीषाच्या घरी गेले. भांडायला नाही... पण एसटीत बसल्या बसल्या वाक्यं जुळवत होते.

मनीषा, मी आणि आणखी दोघं, असे आम्ही चौघं मिळून एक ब्लॉग चालवतो. विषय, प्रेडिक्शन मार्केट. एखादी गोष्ट घडेल की नाही यावर लोक बोली लावतात, आणि त्या बोलीचा भाव म्हणजेच ती गोष्ट घडण्याची शक्यता. सत्तर पैसे भाव, म्हणजे शंभरात सत्तर. बाहेर हे खऱ्या पैशांवर चालतं. आम्ही त्याबद्दल फक्त लिहितो, आणि आपल्या भागातल्या प्रश्नांवर आपसात पॉइंट लावतो.

ब्लॉगचं नाव मी सुचवलं होतं, 'आजचा भाव'. मी मराठी शिकवते, त्यामुळे दोन शब्दांत सगळं बसवल्याचा आनंद झाला. नंदुरबारमध्ये या दोन शब्दांचा एकच अर्थ होतो, हे मात्र सुचलं नाही... मिरची.

वाचक भराभर वाढले. आम्ही खूश. मग कमेंट यायला लागल्या, की ओल्या मिरचीचा भाव का टाकत नाही, आणि टाकायचा नसेल तर नाव कशाला दिलं.

आमच्यातला लक्ष्मण धडगावचा, सगळ्यात शांत. तो प्रत्येकाला लिहायचा की दादा, हा तो भाव नाही, पण आलाच आहात तर वाचून बघा. काही जण खरंच थांबले. आमचे आजचे निम्मे वाचक असे चुकून आलेले आहेत.

मनीषाचे सासरे, अण्णा, त्याच वाटेने आले. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आता शेती बघतात. मिरचीचा भाव बघायला लिंक उघडली, तर सुनेचं नाव. खाली तिचं वाक्य: 'विसरवाडीच्या रस्त्याचं काम पावसाळ्याआधी संपेल. सत्तर पैसे. मी घेते.'

सून सत्तर पैशांना रस्ता घेते आहे, याचा त्यांनी लावायचा तो अर्थ लावला. घरात एकच शब्द उच्चारला... सट्टा.

मनीषा ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आम्ही तिघं हवेत लिहितो, ती खाली उतरवते. 'लवकर' लिहिलं की विचारते, लवकर म्हणजे कधी, आणि ठरवणार कोण. त्या आठवड्यात ग्रुपवर तिचा मेसेज आला. मी थांबते, घरात रोज तोच विषय नको. ती गेली तर ब्लॉग बंद, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून त्या रविवारी मी निघाले.

अण्णा ओसरीवर होते. "बस व माय," अहिराणीत म्हणाले. चहा आला. मी जुळवलेलं सगळं सांगितलं. पैसे नाहीत, देणंघेणं नाही, नुसते पॉइंट. त्यांनी मध्ये कुठे तोडलं नाही. मग विचारलं,

"पैसा नई, मंग हारनारनं काय जास?"

हरणाऱ्याचं काय जातं... मी पुन्हा पॉइंटच समजावायला लागले.

मनीषा दारात उभी होती. ती म्हणाली, "नाव जास, अण्णा. कोन काय बोलनं ते तठेच ऱ्हास. चुकनं तरी आम्ही पुसतस नई."

अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की बाजारात पैसा हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. अंदाज चुकलेला माणूस मात्र आपण तसं बोललोच नव्हतो म्हणतो. असे दोन मित्र त्यांना आहेत, त्यांची नावंही सांगितली.

"हाई त पैसापेक्षा कठीन शे," ते म्हणाले. आणि वर, "मन्हं बी नाव टाक."

प्रश्नही त्यांनीच दिला. फेब्रुवारीअखेर लाल मिरचीची आवक मागच्या हंगामापेक्षा जास्त होईल का. मनीषाने लगेच विचारलं, आकडा कोणाचा धरायचा. तेव्हा मला कळलं की ती परत आली आहे.

भाव पैशात सांगायला अण्णांनी नकार दिला. "बारा आना," म्हणाले, म्हणजे सोळातले बारा. पीक किती आणे आलं, असं बोलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तेव्हापासून आमच्या ब्लॉगवर शक्यता आण्यांत लिहितात. सोळा आणे, म्हणजे अगदी नक्की, असं म्हणायला बंदी आहे. नाव तेच ठेवलं, खाली एक ओळ वाढवली... मिरचीचा नाही.

परवा मिरचीच्या प्रश्नाचा निकाल लागला. आवक कमी भरली. अण्णा चुकले, आणि चुकलेल्यांत त्यांचं नाव पहिलं. मिरची वाळते त्या पथारीवर लोक त्यांना दिवसभर 'बारा आना' म्हणून हाका मारत होते.

संध्याकाळी मनीषाचा फोन. एखादी नवी पोस्ट टाकून निकाल खाली ढकलावा का, असं तिच्या मनात आलं होतं. ती सासऱ्यांना विचारूनही आली होती. त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे. मीच बोलनू व्हतू ना."

निकाल आम्ही सगळ्यात वरच अडकवून ठेवला आहे. त्याखाली आज सकाळी अण्णांची दुसरी नोंद आली. विसरवाडीचा रस्ता पावसाळ्याआधी... चार आणे. म्हणजे थेट सुनेच्या विरुद्ध.

मनीषा आपल्या भावावर ठाम आहे. रोज सकाळी दोघं एकाच पातेल्यातला चहा पितात आणि रस्त्याबद्दल बोलतात, असं ती सांगते. ज्या घरातून ब्लॉग बंद पडणार होता, तिथूनच आता सगळ्यात जास्त मजकूर येतो. मी तो लावून देते, आणि शुद्धलेखन तपासताना अण्णांच्या ओळींना हात लावत नाही.